पगारी माणसांची सेवा

पगार घेऊन केलेली सेवा ही सेवा उरते का, हा प्रश्न परिचर्येच्या पहिल्या वर्षातल्या मुली कुठल्या ना कुठल्या रूपात विचारतातच. यंदा विचारणारी मुलगी राधानगरीकडची होती. तिच्या गावात हरिनाम सप्ताह झाला होता आणि कीर्तनात तिनं ऐकलं होतं की मोबदला हातात पडला की पुण्य तिथंच फिटतं. दिलं, घेतलं, हिशेब संपला. मुलीच्या मनाला ते लागलं होतं. "मॅडम, मग जन्मभर लोकांची आजारपणं काढायची आणि आपल्या पदरात फक्त पगारच?" असं तिनं विचारलं तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. तासाभरात बोलून संपेल असा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अधिपरिचारिका म्हणून सरकारी नोकरीत लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले आणि आता परिचर्येच्या मुलींना शिकवते. माझे वडील दवाखान्यात कक्षसेवक होते. त्यांचे वडील, म्हणजे माझा आजा, तरुणपणी करवीर तालुक्यातल्या आमच्या गावची महारकी करायचा. मेलेलं जनावर ओढायचं, कुणाच्या मरणाची खबर परगावी पोचवायची, सरकारी टपाल चावडीपासून चावडीपर्यंत न्यायचं, सरणाची लाकडं वाहायची. यातलं एकही काम गावाला नको होतं असं नाही. सगळी कामं गरजेची होती, आणि सगळ्यांना नावही चांगलंच होतं: गावाची सेवा. त्या सेवेला पगार नव्हता. संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची, आणि ती हक्काची असली तरी मागूनच आणायची. पदरात पडेल ती शिळी का ताजी, हे देणाऱ्याच्या मर्जीवर.

माझे वडील पगाराच्या दिवशी घरी आले की पाकीट आधी आईच्या हातात द्यायचे आणि मला म्हणायचे, "आज्याला तुझ्या भाकरी मागाय लागायची. मला सही करून पगार मिळतोय. सही करून घेतलेल्या पैशाला मान खाली घालाय लागत नाही." ते काही तत्त्वज्ञ नव्हते, चौथीपर्यंत शिकलेले होते. पण बिनपगारी सेवा काय असते हे त्यांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या पाहिलं होतं, त्यामुळे पगारानं सेवा बाटते हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नसतं.

सरकारी कागदावर आमची नावं भारदस्त आहेत. अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, पाठ्यनिर्देशिका, कक्षसेवक, सफाई कामगार. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत तर २०१६ पासून स्टाफ नर्सचं पदनाम नर्सिंग ऑफिसर झालं. वॉर्डात मात्र यातलं एकही नाव कुणाच्या तोंडी नसतं. तिथं असते सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशी. माझ्या वडिलांना सगळा दवाखाना मामा म्हणायचा. विशीतले शिकाऊ डॉक्टरही आणि सत्तरीतले पेशंटही. डॉक्टरांना मात्र कुणी काका म्हणत नाही. ते साहेब, त्या मॅडम. म्हणजे दवाखान्यातली नाती एका पायरीपर्यंतच चढतात. त्या पायरीच्या वर पद सुरू होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात फार वर्षं घोळते आहे. खालच्या पायरीवरच्या माणसांना आपण नाती दिली ती सगळी आईकडची. मामा आणि मावशी. काका आणि आत्या दिली नाहीत. हे कुणी बसून ठरवलेलं नाही, पण आपल्या समाजात आईकडच्या आणि बापाकडच्या नात्यात फरक काय, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. काका हा भाऊबंद. त्याचा वाड्यात, शेतात वाटा असतो, आणि वेळ आली तर तो कोर्टात जाऊन वाटणी मागतो. मामा वाटणी मागत नाही. तो भाचीच्या लग्नात तिच्या पाठीशी उभा राहतो, देतो आणि परत जातो. 'माय मरो आणि मावशी जगो' असं आपण म्हणतो, पण मावशीचा सातबाऱ्यावर हक्क असतो असं कुणी म्हणत नाही. माया पुरेपूर आणि वाटा काहीच नाही, अशी ही नाती आहेत. दवाखान्यात राबणाऱ्या माणसांसाठी समाजानं नेमकी तीच निवडली.

ही नाती खोटी आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. गडहिंग्लजकडचे एक आजोबा आमच्या वॉर्डात शेवटच्या अवस्थेत होते, त्यांच्याबरोबर कुणीच नव्हतं. मावशींची पाळी दोनला संपली, तरी त्या घरी गेल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत उशाशी बसून चमच्यानं पाणी घालत राहिल्या. आजोबा त्यांना लेकीच्या नावानं हाक मारत होते आणि त्या ओ देत होत्या. त्या वेळी त्या बाईंशी माझं नातं वरिष्ठाचं होतं हेसुद्धा मी विसरले. त्या चार तासांचा पगार त्यांना मिळाला नाही, त्यांनी तो मागितलाही नाही. हेच पुण्य, आणि उरलेल्या आठ तासांची निव्वळ नोकरी, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते मान्य नाही. आठ तास ती बाई त्या वॉर्डात होती म्हणून ते चार तास घडले. आजोबांची कूस कधी बदलायची, घोट किती द्यायचा, श्वासाचा आवाज कधी बिघडला, हे तिला आधीच्या वीस वर्षांच्या पगारी कामानं शिकवलं होतं.

आपल्या धर्मग्रंथांनी या कामाकडे कसं पाहिलं, हेही सांगायला हवं, कारण मुलींच्या मनातली शंका तिथूनच आली आहे. परिचारिका हा शब्द ज्या परिचर्येवरून आला, ती परिचर्या गीतेच्या अठराव्या अध्यायात येते. तिथं चार वर्णांची स्वभावतः ठरलेली कर्मं सांगितली आहेत आणि परिचर्या हे शूद्राचं कर्म म्हटलं आहे. दुसऱ्याचा देह सांभाळण्याचं काम जन्मानं ठरवून दिलं, आणि जन्मानं ठरलेल्या कामाला मोबदल्याचा प्रश्नच उरला नाही. सूर्य उगवतो त्याचे पैसे कोण देतं? शूद्र सेवा करतो तो त्याचा स्वभाव. माझ्या आज्याच्या महारकीमागं हाच विचार उभा होता.

त्याच परंपरेत वैद्यकाचा ग्रंथ मात्र वेगळं बोलतो. चरकसंहितेत उपचाराचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्य त्यात मुख्य, हे चरकालाही मान्य आहे. पण परिचारकाला तो नोकरांच्या यादीत ढकलत नाही, उपचाराचा एक आधार मानतो. प्रत्येक पादाचे चार-चार गुण त्यानं दिले आहेत. वैद्याच्या चार गुणांत दाक्ष्य आणि शौच आहेत, परिचारकाच्याही चार गुणांत दाक्ष्य आणि शौच आहेत. म्हणजे तत्परता आणि शुचिता हे दोघांचे समान गुण. शिवाय परिचारकाला उपचाराचं ज्ञान हवं आणि अनुराग हवा. मी मुलींना हा भाग नेहमी शिकवते. तुमच्या कामात ज्ञान आधी सांगितलं आहे आणि जिव्हाळा त्याच्या जोडीला. जिव्हाळ्याच्या नावाखाली ज्ञानाची किंमत बुडवू देऊ नका.

आता कोल्हापूरकडे येते, कारण या प्रश्नाचं सर्वांत खणखणीत उत्तर माझ्या मते याच शहरात दिलं गेलं. भाऊसिंगजी रोडवर टाऊन हॉलच्या समोर जे सीपीआर रुग्णालय आहे, ते संस्थानी काळात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. १९१९ च्या सुरुवातीला राजर्षी शाहू महाराजांनी दवाखान्यांबाबत हुकूम काढला. सार्वजनिक दवाखान्यात अस्पृश्यांना इतरांसारखंच वागवायचं. ज्या नोकराला हे जमणार नाही त्यानं सहा आठवड्यांच्या आत राजीनामा पाठवावा, त्याला पेन्शन मिळणार नाही.

हा हुकूम मी जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा मला त्यातलं शहाणपण नव्यानं कळतं. महाराजांनी डॉक्टरांना आणि नोकरांना भूतदयेवर प्रवचन दिलं नाही. अस्पृश्यांबद्दल त्यांच्या मनात माया उत्पन्न व्हावी म्हणून वाट पाहिली नाही. ती वाट पाहिली असती तर माझ्या आजीसारख्या कितीतरी बायका दवाखान्याच्या आवाराबाहेरच मेल्या असत्या. त्यांनी सरळ नोकरीला हात घातला. तू इथं पगार घेतोस, पेन्शन घेणार आहेस, तेव्हा समोर आलेल्या देहाला हात लावणं हे तुझं काम आहे; जमत नसेल तर काम सोड. पगारात हा अधिकार दडलेला आहे. फुकट सेवा करणारा कुणाची सेवा करायची ते स्वतः निवडतो. पगारी माणसाला निवडता येत नाही. त्या न निवडता येण्यामुळेच उपेक्षित माणसाला दवाखान्याचं दार उघडलं.

पन्नासाव्या वाढदिवसाला फळं वाटायला येणारी माणसं मी वॉर्डात पुष्कळ पाहिली. भली माणसं असतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण ती सकाळी अकराला येतात, आणि जिथं वास येत नाही त्या खाटांपाशी थांबतात. पहाटे दोनला दारू पिऊन पडलेला, शिव्या देणारा, कपडे खराब केलेला माणूस येतो, तेव्हा त्याच्याजवळ ब्रदर जातो. बेडी घातलेला कैदी पेशंट असतो, त्याच्या जखमेतल्या अळ्या सिस्टर काढते. त्या वेळी त्यांच्या मनात प्रेम असेलच असं मी सांगणार नाही. कधी असतं, कधी नसतं. प्रेम नसतानाही हात थरथरू न देता काम नीट करणं हीसुद्धा एक साधना आहे, आणि पगारी नोकरी ती रोज करायला लावते.

दवाखान्यांचा हुकूम निघाला त्याच्या आदल्या वर्षी, १९१८ साली, शाहू महाराजांनी संस्थानातली महार वतनं रद्द करून जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर रयतावा केल्या, आणि त्याच काळात वेठीलाही बंदी घातली. वतनांचा आणि दवाखान्यांचा, दोन्ही हुकूम एकाच विचारातून आले असं मला वाटतं. आज्याची बिनपगारी सेवा थांबली आणि पगारी नोकरावर समतेचं बंधन आलं. माझे वडील कक्षसेवक झाले ते या दोन हुकमांच्या मधल्या वाटेनं.

अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलशी आणखी एक नाव जोडलेलं आहे. डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांची नेमणूक अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागावर केली. आनंदीबाईंना देशातल्या बायकांसाठी डॉक्टर व्हायचं होतं; १८८३ च्या श्रीरामपूरच्या, बंगालमधल्या, भाषणात त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं होतं. यापेक्षा शुद्ध सेवाभाव कुठला दाखवणार? तरीही संस्थानानं त्यांना 'सेवा करायची आहे ना, मग या' असं म्हटलं नाही. अटी ठरवून, पगार ठरवून, लेडी डॉक्टर या पदावर बोलावलं, आणि त्यांनीही ते पद तसंच स्वीकारलं. याच आनंदीबाई अमेरिकेत ज्यांच्या घरी राहिल्या त्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंना मावशी मानत होत्या. कार्पेंटर मावशींनी त्यांच्यासाठी जे केलं त्याचा हिशेब कुणी मांडला नाही, मांडूही नये. एकाच आयुष्यात एक मावशीचं नातं आणि एक नोकरीचा करार, दोन्ही होते, आणि कुणी एकाच्या जागी दुसरं वापरलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, कोल्हापुरात रुजू होण्याआधीच, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या पुण्यात गेल्या.

राधानगरीच्या त्या मुलीला मी वर्गात जी गोष्ट सांगितली ती विनयपिटकातली, महावग्गातली. आमच्या घरात ती मी लहानपणापासून ऐकली आहे. भगवान बुद्ध आनंदाबरोबर विहारातून फिरत असताना त्यांना एक भिक्षू अतिसारानं स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा कोण करतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, कुणी नाही. मी इतर भिक्षूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही माझं काही करत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं. एकानं डोकं धरलं, एकानं पाय धरले, आणि त्याला उचलून मंचकावर निजवलं.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा भाग सांगितला जात नाही आणि माझ्या मते खरा धडा तिथं आहे. बुद्धांनी संघ बोलावला आणि सांगितलं की तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? त्यांनी नात्याची उणीव बोलून दाखवली, पण 'तुम्ही एकमेकांचे भाऊ आहात, प्रेम करा' एवढ्यावर सोडलं नाही. आजारी भिक्षूला उपाध्याय असेल तर शुश्रूषा उपाध्यायानं करायची, आचार्य असेल तर आचार्यानं, शिष्य असेल तर शिष्यानं, कुणीच नसेल तर संघानं. नाही केली तर तो दोष. आमच्या वॉर्डातला ड्युटीचा तक्ता लावावा तसं हे आहे. कोणाची जबाबदारी, तो नसेल तर कोणाची, आणि चुकलं तर काय.

मग शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, मैत्रभावानं करावं, काही मिळेल या आशेनं करू नये, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस येऊ नये, आजाऱ्याला धीर देणारं बोलता यावं. यातला तिसरा गुण पाहून कुणीही म्हणेल, बघा, मिळकतीची आशा ठेवू नये असं बुद्धांनीच सांगितलं. पण त्याच खंडात थोडं पुढं वाचा. शुश्रूषा करूनही आजारी भिक्षू मरण पावला, तर त्याचं भिक्षापात्र आणि चीवरं कोणाची? ती संघाची. आणि संघानं ती शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावीत, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत, असं बुद्धांनी सांगितलं.

माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांच्या मधे आहे. शुश्रूषा करणाऱ्याला सांगितलं, आशा ठेवू नकोस. संघाला सांगितलं, त्याला द्या. दोन्ही आज्ञा खऱ्या, पण दोन्हींचे पत्ते वेगळे आहेत. निरपेक्ष राहणं हे करणाऱ्याचं व्रत आहे. ते त्यानं स्वतः घ्यायचं असतं, ते दुसऱ्यावर लादता येत नाही. ज्याच्या हातात देणं आहे त्यानं 'निरपेक्ष राहा' असं म्हणायला सुरुवात केली, की ते व्रत राहत नाही, ती वेठ होते. गीतेतल्या निष्काम कर्माबद्दलही मला हेच वाटतं. फळाची आशा सोड हे कृष्णानं अर्जुनाला सांगितलं. अर्जुनाचं फळ दुसऱ्यानं आपल्या घरी न्यावं, असं कुणालाच सांगितलं नाही.

आमच्या शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग मला एका मावशींनी सांगितला. नाव देत नाही. सफाईच्या आणि वॉर्डाच्या मावशी तिथं ठेकेदारामार्फत होत्या. आठवड्याची सुट्टी आणि भविष्य निर्वाह निधी मिळावा म्हणून त्यांनी बैठक मागितली. व्यवस्थापनातले गृहस्थ मवाळपणे म्हणाले, "हे आपलं कुटुंब आहे. कुटुंबात कुणी हिशेब करतं का?" त्यावर एक मावशी उठून बोलल्या, "साहेब, घरातलं माणूस आजारी पडलं तर त्याला कोण खाडा लावतंय? मागच्या महिन्यात मला डेंगी झाला, चार दिवसांचा खाडा लावलाय की." त्या बाई शाळेत फारशा गेलेल्या नाहीत. पण कुटुंब हा शब्द कुठं खरा आणि कुठं खोटा, हे त्यांनी एका वाक्यात ठरवून दिलं. ज्या घरात खाडा लागतो, तिथं हिशेब आधीपासून चालूच आहे. फक्त तो एका बाजूनं चालू आहे.

या बाबतीत न्यायालयांनीही बराच विचार केला आहे. मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयातल्या वॉर्डातल्या कामगार स्त्रियांना नुकसानभरपाई न देता कमी केलं गेलं, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं रुग्णालय हा औद्योगिक विवाद कायद्याखाली उद्योग ठरतो असा निकाल दिला. तो न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला, साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले. पुढं १९७० मध्ये हे मत फिरवलं गेलं आणि १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं पुन्हा मान्य झालं. उद्योग हा शब्द रुग्णालयाला लावलेला अनेकांना रुचत नाही, रुक्ष वाटतो. मला त्या रुक्ष शब्दाबद्दल कृतज्ञता वाटते, कारण त्याच्यामुळे वॉर्डातल्या बाईला दाद मागायला जागा झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र धर्मादाय, सामाजिक आणि परोपकारी कार्य करणाऱ्या संस्था उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. धर्मादाय कोणाचा? दान देणाऱ्याचा. पण सवलत निघते ती राबणाऱ्याच्या हक्कातून. यात धर्म कुठं आहे हे मला कळत नाही.

आशाताईंची कहाणी यापेक्षाही अवघड आहे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, ती स्वयंसेविका म्हणून. तिला पगार ठरवला नाही, कामागणिक मोबदला ठरवला. गगनबावड्याच्या पावसात वाडीवाडीला जाऊन गरोदर बाईची नोंद करणारी, कोरोनात दारोदार ताप मोजणारी बाई कागदावर स्वेच्छेनं येणारी ठरते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. गौरव आणि संप यांच्यात जेमतेम दीड वर्षाचं अंतर. स्वयंसेविका संपावर कशा जातात, असं तेव्हा मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं. मी म्हटलं, ज्या कामाचा रोज अहवाल द्यावा लागतो, जे नाही केलं तर वरून विचारणा होते, ते काम स्वेच्छेचं नाही. ते तुम्हीच नोकरीसारखं करून घेता, फक्त नाव सेवेचं ठेवलं आहे.

एक आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण तो घेणारे माझे सहकारीच आहेत. त्या म्हणतात, हक्कांची भाषा आली की माया आटते. नव्या मुली घड्याळ बघून काम करतात, 'माझी ड्युटी संपली' म्हणून पेशंटकडे पाठ फिरवतात. अशा मुली आहेत, मीही पाहिल्या आहेत, आणि मला ते दुखतं. पण त्यांना मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आहे. त्यांची माया हक्क मागितल्यानं आटलेली नसते. रात्रपाळीला एकीकडे चाळीस-पन्नास खाटा, अकरा महिन्यांचा करार, करार संपला की पुन्हा मुलाखत, कुणाचे तीन महिन्यांचे पैसे थकलेले. जिला स्वतःच्या पुढच्या महिन्याचा भरवसा नाही, ती दुसऱ्याला धीर कुठून देणार? बुद्धांनी शुश्रूषेचा पाचवा गुण सांगितला तो धीर देण्याचा. तो देहाच्या आणि मनाच्या शिलकीतून येतो. जिथं शिल्लकच राहत नाही तिथं तो शिकवून येत नाही.

आणि जरा आपल्या अंबाबाईकडे पाहा. २०१७ साली देवीच्या मंदिरात पगारी पुजारी नेमावेत म्हणून या शहरात मोठं आंदोलन झालं, आणि २०१८ मध्ये विधिमंडळानं मंदिरासाठी वेगळा कायदा केला. बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. पण पगारी हातांनी केलेली पूजा देवीला पोचणार नाही, असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. उलट पगार असला की नियम असतो, नियम असला की सगळ्या भक्तांना सारखं वागवावं लागतं, असंच लोकांचं म्हणणं होतं. देवीच्या गाभाऱ्यात जे चालतं ते खाटेवरच्या माणसापाशी का चालू नये?

राधानगरीच्या मुलीला माझं सांगणं असं. बाळ, पगारानं पुण्य फिटत नाही. पगार हे तुझ्या कष्टाचं देणं आहे, ते ज्याच्याकडून यायचं त्याच्याकडून वेळेवर यायलाच हवं. तू ज्या मनानं पेशंटच्या कपाळाला हात लावशील ते मन पगारपत्रकात कुठं येतच नाही, त्यामुळे ते फिटायचा प्रश्नच नाही. ते तुझं. आणि कुणी तुला त्या मनाचा हवाला देऊन पगार कमी घ्यायला सांगितलं, तर नम्रपणे पण ठाम नाही म्हण.

वाचकांपैकी कुणी रुग्णालयाचे विश्वस्त असतील, कुणी डॉक्टर, कुणी दवाखान्याला देणगी देणारे. त्यांना विनंती आहे. बारा मेच्या परिचारिका दिनाला गुलाबाची फुलं जरूर द्या, मावशींना साडी नेसवा, मामांचा सत्कार करा. पण त्याआधी कार्यालयात जाऊन तुमच्या मामा-मावशींची नेमणूकपत्रं मागवून वाचा. त्यावर पद आहे का, पगाराचा आकडा आहे का, आठवड्याची सुट्टी आहे का, आजारपणाची रजा आहे का ते पाहा. नेमणूकपत्रच नसेल तर या महिन्यात ते द्या.